बुडीला जोडीदार पाहिजे

बडोद्यात प्रतापनगरच्या गोविंदराव शेलारांकडे सून आली ती विमानातून, आणि तिच्याबरोबर आली एक काळी लांबुडकी पेटी. बघायला जमलेल्या बायकांना वाटलं, रुखवत असेल. पेटी उघडली तर आत रबराचे दोन लांब पंजे, काचेचा मुखवटा, नळ्यांचं वेटोळं आणि हवा भरायचं एक जाकीट. गोविंदराव रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर फिटर. त्यांनी नळ्यांचे वॉशर बोटानं चाचपले, माल चांगला आहे म्हणाले आणि पेटी माळ्यावर टाकून दिली.

सुनेचं नाव मोहना. मॉरिशसची मराठी. तिचा खापरपणजा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेला तो तिकडचाच झाला. घरात त्यांची ती फ्रेंच वळणाची क्रिओल बोली, आणि मराठी शाळेत शिकलेली. त्यामुळे मोहना बोलायची ती धड्यातलं बोलल्यासारखी. "मला तहान लागलेली आहे." "कृपया खिडकी उघडावी." शेजारणी तिला मुद्दाम बोलतं करायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. मोहनाच्या ते ध्यानात यायला वेळ लागला नाही. एक दिवस ती म्हणाली, "माझी मराठी पुस्तकातली आहे, तुमची निम्मी गुजराती आहे. आता दोघींनी हसू या." त्यानंतर पदर खाली आले.

तिचा बाप तिकडं बोट चालवायचा. समुद्राच्या तळाशी माणसं उतरवायची, परत वर आणायची, हा त्यांचा धंदा. मोहना शाळकरी असल्यापासून पाण्यात. पुढं तीच लोकांना शिकवायला लागली. गोविंदरावांचा पीयूष मकरपुऱ्यातल्या एका कंपनीकडून तिकडच्या साखर कारखान्यात बॉयलर बसवायला गेला, आणि बॉयलर बसवून, लग्न करून परत आला. गंमत अशी की पीयूष पाण्याला इतका भ्यायचा की आंघोळीला डोक्यावर तांब्या ओततानाही डोळे गच्च मिटायचा. आल्या आल्या कंपनीनं त्याला दुसऱ्या साइटवर ओरिसाला धाडलं. घरात राहिली सून, सासरा आणि सासू.

सासू अहल्याबाई. माहेर कराडच्या अलीकडं, कोयनाकाठी. लग्न होऊन बडोद्याला आली तेव्हा शेजारच्या शहाण्यासुरत्या बायकांनी तिचं 'हाय' आणि 'न्हाई' काढून टाकायचा लई प्रयत्न केला. दांडिया बाजारातली जुन्या दरबारी घराण्यातली मंडळी तिच्यासमोर ठासून 'आहे', 'नाही' म्हणायची. अहल्याबाईनं ऐकून घेतलं आणि आपलं तेच ठेवलं. गुजराती मात्र भाजीवाल्याशी भांडण्यापुरती पक्की शिकली. अंगानं काटक, बोलायला तिखट, आणि एकदा तोंडातून शब्द गेला की तो गिळायची सवय नाही. ही शेवटची गोष्ट पुढं सगळ्यांना महागात पडली.

मोहनानं आधी नकाशा काढला. नकाशात समुद्र बडोद्यापासून दोन बोटांवर. तिनं सासऱ्याला विचारलं, "हा आपला समुद्र आहे ना?"

"आहे की. कावी-कंबोईला महादेवाचं देऊळ आहे, भरती आली की पाण्यात बुडतं. रविवारी जाऊ."

देऊळ बुडतं म्हटल्यावर पोरीचे डोळे असे चमकले की गोविंदरावांना वाटलं, सून भाविक निघाली. रविवारी भाड्याची गाडी केली, वाटेत जंबूसरला चहा घेतला. मोहनानं मांडीवर मुखवटा आणि पंजे घेतलेले. उतरून बघते तर नजर जाईल तिथवर चिखल. म्हशी लोळाव्यात असा. त्याच्या पलीकडं तांबडं-करडं पाणी, ऊस गाळताना काहिलीत वर येते तसल्या मळीसारखं. बघता बघता ते पाणी पळत आलं आणि देवळाच्या पायऱ्या खाऊन गेलं. काठावर जाळं आवरणारा एक म्हातारा मोहनाच्या हातातले पंजे बघून म्हणाला, "बेन, आ दरियो जोवानो छे, नाहवानो नथी." म्हणजे हा समुद्र बघायचा, अंघोळ करायचा नाही.

मोहनानं विचारलं, "खाली काय दिसतं?"

"नीचे? नीचे कादव." खाली चिखलच.

तिच्या बापानं सांगितलेलं होतं की नव्या मुलखात गेल्यावर पुस्तक-नकाशे उघडायच्या आधी तिथल्या कोळ्याला विचार. तिनं उलटं केलं होतं. गाडीत बसल्यावर तिनं पंजे पायाखाली सारले. अहल्याबाईनं तिला केळं दिलं, तिनं ते खाल्लं, बस.

आता यातली मेख सांगायला पाहिजे. या पाण्याखालच्या कामात एक नियम कडक. एकट्यानं उतरायचं नाही. पाठीवरच्या टाकीतली हवा संपली, नळी तुटली, पाय जाळ्यात अडकला, तर दुसऱ्याच्या जाकिटाला एक जादा नळी असते, तीच तुमचा जीव. म्हणून जोडीदार लागतो. जोडीदार कसा, तर खाली एकानं वर चला अशी खूण केली की दुसऱ्यानं का म्हणून विचारायचं नाही, वर यायचं. मोहनाच्या बापाच्या बोटीवर हा नियम मोडणाऱ्याला परत घेत नसत. तेव्हा पोरीला समुद्राच्या आधी माणूस शोधायचा होता.

बडोद्यात अशी माणसं नाहीत असंही नाही. फोनवर तिला एक टोळकं सापडलं. चांगल्या नोकऱ्यांतली पोरं, वर्षातून एकदा अंदमानला जाऊन बुड्या मारून यायची. अलकापुरीत कॉफी प्यायला बोलावलं. त्यांचा पुढारी अमोघ म्हणून. त्याच्याशेजारी त्याची बायको.

अमोघनं मोहनाच्या अनुभवाचं ऐकलं आणि मान हलवली. "तुम्ही तर आम्हाला शिकवाल. पण आमच्यात जोड्या ठरलेल्या आहेत ना. तुमचे मिस्टर येतील?"

"ते पाण्यात उतरत नाहीत."

"मग तुम्हाला कोणाबरोबर लावायचं?" तो हसला आणि बायकोकडं बघितलं. बायको बशीकडं बघत होती. "म्हणजे माझं काही नाही हं. पण कोणाला ऑकवर्ड व्हायला नको."

"तुमच्या पत्नी माझ्या जोडीदार होतील का?"

"ती माझ्याबरोबर असते."

"तर मग मी तुमच्याबरोबर आणि त्या आणखी कोणाबरोबर," मोहना म्हणाली. "पाण्याखाली बोलता येत नाही. ऑकवर्ड होण्याची सोय नाही."

बायको फसकन हसली. अमोघ हसला नाही. नंतर फोनवरच्या त्या गटात मोहनाचं नाव दोन दिवस राहिलं, तिसऱ्या दिवशी कोणीतरी काढून टाकलं.

मग तिनं हवेपासून सुरुवात केली. टाकीत श्वासाची स्वच्छ हवा भरून देणारा कोणीतरी गावात असेलच, आणि हवा भरणाऱ्याला पाण्याची माहिती असतेच. वासणा रोडवरच्या एका सोसायटीच्या तरणतलावावर ती आता पोरांना पोहायला शिकवत होती. तिथल्या एका पोराचा बाप रिफायनरीत. त्यानं छाणीच्या विक्रमसिंहाचं नाव दिलं. विक्रमसिंह पूर्वी अग्निशमन दलात पाणबुड्या होता. नदीत पडलेली माणसं, गाड्या, मोटरसायकली काढायचा. आता छाणीत पत्र्याच्या शेडमध्ये कारखान्यांच्या वायूगळतीत वापरायच्या टाक्या भरून द्यायचा. मोहना स्कूटरवरून गेली. तोंडात पानमसाला धरून त्यानं तिची सगळी चौकशी केली आणि मग थुंकून आला.

"विश्वामित्रीत उतरू नकोस. मगरी आहेत," तो म्हणाला. त्याची हिंदी निम्मी गुजराती. "आजव्याच्या तलावातही आहेत. नर्मदेला चांदोदच्या खाली ओढ आहे. तुला जायचं तर द्वारकेच्या पुढं ओख्याकडं जा. आमचे मेहुणे ओख्याला मासे धरतात. पूनम-अमासला तिथं पाणी दौडतं, गाळ उचलतं, हाताला हात दिसत नाही. आठम-नोमला, म्हणजे तुमच्या अष्टमी-नवमीला, पाणी बसतं. होळीच्या आधीची आठम धर. थंडी गेलेली, वारा अजून यायचाय."

मोहनानं विचारलं, "तुम्ही याल माझ्याबरोबर?"

"मारो कान फाटेलो छे." त्यानं डाव्या कानावर हात ठेवला. पडदा फाटल्यापासून डॉक्टरनं पाणी तोडलं होतं. "टाक्या देतो. बोटीचा नंबर देतो. माणूस तुझा तू आण."

म्हणजे समुद्र मिळाला, तिथी मिळाली, हवा मिळाली. माणूस नाही. त्या संध्याकाळी जेवताना मोहनानं ताटावरच सांगून टाकलं, "होळीपर्यंत मला जोडीदार मिळाला नाही तर मी माझ्या वडिलांच्या बोटीवर परत जाणार. पीयूषला मी कळवलेले आहे. त्यांना यायचे तर त्यांनी तिकडे यावे."

गोविंदरावांचा घास हातात राहिला. "अगं, पण घर आहे, संसार आहे."

"घर चांगले आहे, बाबा. तुम्ही चांगले आहात. मी तुमच्यावर रागावून जात नाही. मी इथं कोरडी होऊन चालले आहे."

अहल्याबाईनं नवा उंडा घेतला. भाकरी थापत राहिली. पण तिच्या डोक्यात जे चाललं होतं ते प्रेमाचं नव्हतं, हे आधीच सांगतो. सून वर्षाच्या आत माहेरी गेली तर अख्ख्या प्रतापनगरात नाक राहायचं नाही, हे एक. आणि घरात उलट बोलणारं एक माणूस आलं होतं, त्याची सवय लागत आली होती, हे दुसरं.

संक्रांत आली. सुनेची पहिली. काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं रीतसर. अहल्याबाईनं हळदीकुंकू मांडलं आणि वाण काय लुटायचं ते सुनेवर सोडलं. "तुझी पयली संक्रांत. तुला आवडंल ते आन." तिला वाटलं, वाट्या आणील, फार तर डबे. महिला मंडळाच्या अध्यक्ष निरुपमाबाई आल्या होत्या, दांडिया बाजारातल्या, कॉलेजातून शिकवून निवृत्त झालेल्या. खोली भरली. हळद लागली, कुंकू लागलं, तिळगूळ झाला, आणि मोहनानं पाटावरचं फडकं काढलं. खाली पोहायचे गॉगल. निळे, गुलाबी, प्रत्येकीला एक.

मॉरिशसच्या पोरीनं हिशोब केला होता तो असा की वाण म्हणजे वापरायची वस्तू आणि वस्तू म्हणजे निमंत्रण. ती उभी राहिली, अंगावर साखरेचा हार, कानात साखरेची फुलं, आणि धड्यातल्या मराठीत म्हणाली, "मला पाण्यात जोडीदाराची आवश्यकता आहे. पुरुष माझ्याबरोबर यायला घाबरतात. आपणापैकी ज्यांची इच्छा असेल त्यांनी यावे. मी शिकवीन."

एकदम हशा. एकीनं गॉगल डोक्यावर लावला, एकीनं नातवाला होईल म्हणून पिशवीत टाकला. निरुपमाबाईंनी आपला गॉगल दोन बोटांत धरून फिरवला. "अहल्याबाई, सून आम्हाला तारणार आहे की बुडवणार? आणि पाण्यात जोडीदार कशाला गं? जमिनीवरचा पुरत नाही वाटतं."

हशा वाढला. गळ्यातल्या हलव्याचे काटे टोचत असल्यासारखी मोहना ताठ उभी होती. खाली बघितलं नाही तिनं.

अहल्याबाईनं हातातलं तबक खाली ठेवलं. "हसून झालं का?"

"अहो, गंमत केली."

"माझ्या घरात येऊन माझ्या सुनंची. तिळगूळ अजून तोंडात हाय तुमच्या." ती वळली. "मी उतरते तिच्यासंगं. तुमी घरी जाऊन गॉगल लावून कांदं चिरा."

गोष्ट अशी आहे की हे बोलणं हवेतलं नव्हतं. माहेरी विहिरीत कोणाची कळशी पडली, बादली पडली, की अहल्येला हाक मारायचे. परकर खोचून ती उडी घ्यायची, तळाचा चिखल चाचपून भांडं वर आणायची. लग्नानंतर ते सुटलं. बडोद्याला विहीर नव्हती, चांदोदला गेलं तरी पायरीवर बसून तांब्यानं डोक्यावर घ्यायचं. तिला ते कोणी मना केलं असंही नाही. कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, झालं.

बायका गेल्यावर गोविंदराव स्वयंपाकघरात आले. "काय बोलून बसलीस? वय काय, गुडघे काय."

"चारचौघीत बोलले. आता गुडघ्यांनी ऐकाया पायजे."

डॉक्टरकडून तपासून आणलं. बीपी वयाच्या मानानं बरं निघालं, छाती साफ. अंगभर काळा पोहायचा पोशाख आणला, तो घालून ती बाथरूममधून बाहेर आली तेव्हा गोविंदराव पेपरमागं गेले. "सर्कस आली काय बडोद्याला," पेपर म्हणाला. "तिकीट काढा मंग," अहल्याबाई म्हणाली.

दुपारच्या उन्हात सोसायटीच्या तलावावर चिटपाखरू नसायचं. विक्रमसिंहाकडून आणखी एक जुनं जाकीट आणि टाक्या आणून तिथं दोघी उतरायच्या. पहिल्या दिवशीच मोहनाला कळलं की सासूला पाणी शिकवायची गरज नाही. वजनाचा पट्टा बांधला, नळी तोंडात दिली, आणि बाई धोंड्यासारखी सरळ तळाला जाऊन मांडी घालून बसली. हात मांडीवर, चेहरा निवांत. मोहना खूष झाली, आणि मग तिचं लक्ष गेलं. सासूच्या तोंडापासून बुडबुडे निघत नव्हते. एकही नाही.

तिनं दंडाला धरून तिला आधी श्वास सोडायला लावलं, मग वर आणलं. वर आल्यावर अहल्याबाई फुशारकीनं म्हणाली, "बघितलास दम? अजूनबी ऱ्हायले असते."

मोहना संतापली. पहिल्यांदा सून सासूवर ओरडली, आणि धड्यातली मराठी तुटली. "दम धरू नका. कधीच नाही. मरायचं आहे का?"

"अगं, पान्यात दम धरायचा नाही तर काय करायचं?"

गावच्या विहिरीत शिकलेल्या माणसाची ही पहिली अक्कल. पाण्यात शिरताना छाती भरून घ्यायची आणि वर येईस्तोवर सोडायची नाही. ती तिथं जीव वाचवते. इथं जीव घेते. मोहनानं मग एक फुगा आणला. तळाशी जाऊन टाकीतल्या हवेनं पाऊण भरला, तोंड बांधलं आणि सोडून दिला. वर येता येता फुगा टम्म झाला. "हा दोन पुरुष पाण्यातला फुगा. समुद्रात खोली याच्या कितीतरी पट. तुम्ही खाली टाकीतली हवा घेतलीत आणि छाती बंद करून वर आलात, तर हीच हवा आत फुगेल. छाती फाटेल. विहिरीत तुम्ही जमिनीवरची हवा घेऊन खाली जात होता, म्हणून वाचत होता."

अहल्याबाईनं फुगा हातात घेऊन दाबून बघितला. "समजलं," म्हणाली.

समजलं डोक्याला. छातीला समजेना. दर वेळी खाली गेली की पाच-सहा श्वास नीट, मग काहीतरी बघण्यात मन गेलं की बुडबुडे बंद. मोहना तिच्या डोळ्यांसमोर बोटं हलवायची, बाई दचकून श्वास घ्यायची. असे किती दिवस गेले. मोहना सरळ म्हणाली, "आई, असं असेल तर मी तुम्हाला समुद्रात नेणार नाही. मग मी घरी गेले तरी चालेल."

"मंग जा," अहल्याबाई म्हणाली. "पर उद्या दुपारी ये आधी तलावावर."

रात्रभर तिनं काय विचार केला कोणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी तिनं आपली तोड काढली. प्रतापनगरहून डभोईला जाणाऱ्या छोट्या गाडीची स्टेशनं तिला गोविंदरावांच्या नोकरीमुळं पाठ होती. एका श्वासाला एक स्टेशन. नळी तोंडात धरून ती मनातल्या मनात नाही, घशातून घुमवत म्हणायची. केलणपूर, बुडबुडे. भिलूपूर, बुडबुडे. थुवावी. डभोईला पोचली की परत प्रतापनगर. तलावाच्या पाण्याखालून म्हशीनं रवंथ करावा तसा आवाज यायचा. पण गाडी थांबेनाशी झाली. एका दुपारी सबंध टाकी रिकामी होईपर्यंत गाडी जात-येत राहिली. मोहनानं वर आल्यावर एवढंच विचारलं, "अष्टमी केव्हा आहे?"

गोविंदरावांनी बायकोचा रेल्वेचा पास आणि सुनेचं तिकीट काढून दिलं, वाटेत द्वारकेचं दर्शन करा म्हणाले. ओख्याच्या गाडीत दोघी चढल्या. अहल्याबाईचा दर अष्टमीचा उपास. बोटीवर मोहनानं पोळी-भाजीचा डबा पुढं केला. "उपाशी माणसाला मी खाली नेत नाही."

अहल्याबाईनं डब्याकडं बघितलं, समुद्राकडं बघितलं आणि पोळी मोडली. "देवीला सांगीन, सून ऐकत न्हाई म्हनून."

बोटीवरच्या मुख्य गड्यानं विक्रमसिंहाचं नाव सांगितल्यावर जागा दिली होती. तो मोहनाला विचारायला लागला, "आपका पार्टनर कौन?"

"या माझ्या सासूबाई."

तो अहल्याबाईकडं बघून हसला. "माजी तो ऊपर बैठेंगी ना."

"माजी खाली जानार," अहल्याबाई मराठीतच म्हणाली. "तू वर बस." त्यानं तरी उथळ पाण्यात तिची परीक्षा घेतली. मुखवट्यात पाणी भरून काढायला लावलं, नळी तोंडातून काढून परत घालायला लावली. बाईनं सगळं केलं. गड्यानं अंगठा खाली करून जा म्हणून खूण केली.

मग दोघी उतरल्या. मोहना जवळजवळ वर्षानं खाली जात होती. पाणी हिरवट, पालक उकडल्यासारखं. मॉरिशसच्या निळ्या काचेसारखं नाही. चार-पाच हातांवरचं दिसत होतं, त्यापुढं धुकं. पण विक्रमसिंह म्हणाला तसं पाणी बसलेलं होतं. तळाला फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी प्रवाळं, त्यांत पट्ट्यापट्ट्यांचे मासे. मोहनाचे हात-पाय आपोआप सैल पडले. शेजारी सासूचे बुडबुडे नेमानं वर चालले होते. एका खडकाच्या कपारीकडं मोहनानं बोट केलं, आत काहीतरी मोठं हललं. ती पुढं सरकली.

इतक्यात दंडावर हात पडला. अहल्याबाईनं अंगठा वर केला होता. वर चला.

मोहनानं तिच्याकडं बघितलं. मुखवटा नीट, नळी नीट, टाकीत हवा भरपूर. उतरून कितीसा वेळ झाला होता. तिनं हातानं विचारलं, बरं आहे ना? सासूनं हो म्हणून मान हलवली आणि अंगठा परत वर केला. इतके महिने वाट बघून, गावभर हसं करून घेऊन, ही एवढी बुडी. मोहनाच्या मनात काय आलं असेल ते आलं. पण नियम तिच्या बापाचा होता. तिनंही अंगठा वर केला आणि दोघी सावकाश वर निघाल्या.

बोटीच्या कडेला धरल्यावर गडी वाकून म्हणाला, "मैंने बोला था न."

"थांब रे भाऊ. तुला कुनी इचारलंय?" अहल्याबाईनं नळी काढून थुंकी टाकली आणि सुनेकडं वळली. "केलनपूर झालं, भिलूपूर झालं, आनि मंग तो पट्ट्याचा मासा पार नाकाफुडं आला. बघत ऱ्हायले. गाडी हुबी. म्हनलं, ह्ये इहिरीचं खूळ परत आलं. आधी हवा सोडली, मंग तुला धरलं. फुडं ती कपार व्हती, तू आत शिरली असतीस न् म्या मागं दम धरून बसले असते, तर काय उपयोग माझा?"

मोहनानं पाण्यावरचे केस मागं सारले. मग म्हणाली, "तुम्हाला परत जायचं आहे का? वर थोडं थांबून दुसरी टाकी लावू."

"मंग काय हितं चहा प्याला आले व्हय?"

चहा मात्र प्यायल्या. बोटीवर गड्यानं थर्मासमधून दिला, आणि दुसरी टाकी त्यानं न सांगता अहल्याबाईच्या पाठीला स्वतः बांधली. दुसऱ्या बुडीला मोहनानं कपारीत डोकं घातलं तेव्हा तिच्यामागं म्हशीच्या रवंथाचा आवाज चालू होता.

संध्याकाळी ओख्याच्या लॉजवरून अहल्याबाईनं नवऱ्याला फोन लावला. मोहना शेजारच्या खाटेवर पंजे धुवून पुसत होती.

"झालं का दर्शन?" गोविंदरावांनी पहिलं तेच विचारलं.

"न्हाई."

"म्हणजे? द्वारकेवरून गाडी गेली आणि तुम्ही उतरला नाहीत? परवा येताना तरी?"

"परवा गाडी पहाटं हाय. उद्या सकाळी आमी परत पान्यात. आज आठम, उद्या नोम. देव हलत न्हाई तिथनं. पानी दोनच दीस बसतं."

"अगं, लोक विचारतील. प्रसाद नाही, काही नाही. काय सांगू मी?"

"सांगा की सासू-सून समुद्रात व्हत्या. खोटं कशाला बोलायचं?"

पलीकडं गोविंदरावांनी पेपर मिटला. मग त्यांनी विचारलं, "दिसलं का काही?"

"गढूळ व्हतं. तरीबी दिसलं." तिनं सुनेकडं बघितलं. "आनि ऐका. होळीला पुरन घालायचंय. चन्याची डाळ संपलीया, आनून ठेवा. जास्ती आना, मोहना खाती लई."